फोलेटसाठी पालकाआधी मटकीचा डबा उघडा

रक्त कमी आहे असं कळलं की घराघरांतून पहिला सल्ला येतो पालक खायचा, दुसरा बीट खायचा. सल्ले चुकीचे नाहीत, पण मराठवाड्यात ते निम्म्या वर्षापुरतेच चालतात. होळी झाली की विहिरींनी तळ गाठलेला असतो. आठवडी बाजारात मेथीची जुडी दिसलीच तर ती मलूल असते आणि वर भाव दुप्पट. मृगाचा पाऊस पडून बांधाला तांदुळजा आणि घोळ उगवेपर्यंत ताटात हिरवं पान क्वचितच येतं. रक्त तयार व्हायला लागतं ते फोलेट हे जीवनसत्त्व, आणि त्याचा शरीरातला साठाही मोठा नसतो. चांगलं खाणाऱ्या माणसाच्या यकृतातली शिल्लक साधारण तीन-चार महिने पुरते, म्हणजे आपला उन्हाळा असतो जेमतेम तेवढीच. ज्याची शिल्लक मुळात कमी, त्याचा वैशाखातच खडखडाट.

म्हणून मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरापुरतं बोलायचं तर फोलेटचा बारमाही आधार पालेभाजीचा नाही, कडधान्याचा आहे. पालेभाजी मिळेल तेव्हा खावीच. हिशेब मात्र मटकी, चवळी, हरभरा आणि तुरीवर मांडावा.

फोलेट म्हणजे ब गटातलं नववं जीवनसत्त्व. गोळीत असतं ते फॉलिक ॲसिड, त्याचंच कारखान्यात केलेलं जास्त टिकाऊ रूप. पेशीची वाढ होऊन एकीच्या दोन व्हायच्या तर आधी डीएनएची नक्कल व्हावी लागते आणि त्या कामात फोलेट लागतं. त्यामुळे जिथे पेशी भराभर तयार होतात तिथे तुटवडा आधी दिसतो: रक्त, जिभेची आणि आतड्याची त्वचा, पोटातलं बाळ. हाडांच्या मगजात तांबड्या पेशी वाढतात पण वेळेवर विभागत नाहीत, मग मोठ्या, बेढब आणि संख्येने कमी अशा पेशी रक्तात येतात. माणूस पांढरा पडतो, जिना चढताना धाप लागते, जीभ लालभडक आणि सोलवटल्यासारखी होते, तिखट सहन होत नाही.

या आजाराचा छडा लागायला सुरुवात झाली ती आपल्या मुंबईत. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये इथे आली आणि कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला. यीस्टचा अर्क, म्हणजे ब्रेडला लावायचं साधं मार्माइट, दिल्यावर या बायका सुधारतात हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला.

आता आकडे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रोज पुरुषाला ३०० मायक्रोग्रॅम, बाईला २२०, गरोदर बाईला ५७० आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ३३० मायक्रोग्रॅम फोलेट लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यांत १०० ग्रॅम कच्च्या, कोरड्या मटकीत ३५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फोलेट आहे. सोयाबीन ३०० च्या खालीवर, चवळी आणि अख्खा हरभरा २३० च्या पुढे, हरभरा डाळ १८०, हुलगे १६०, अख्खे मूग १४५, तूरडाळ ११० च्या जवळ, मूगडाळ आणि उडीदडाळ ९०, शेंगदाणे ९०, मसूरडाळ ५०. पालक १४० आणि मेथी ७५, पण भाजी १०० ग्रॅम निवडली तर शिजून छोटी वाटीभरच होते. अख्खा मूग आणि मूगडाळ यांतला फरक बघा. साल काढून डाळ केली की तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फोलेट गेलं. हरभऱ्याचंही तसंच, जरा कमी प्रमाणात.

धान्यात ज्वारी ३९, बाजरी ३६, गव्हाचं पीठ ३० आणि पांढरा तांदूळ ९. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरलं तर दिवसाच्या तीन भाकरींतून ७० मायक्रोग्रॅम मिळतं. तेवढ्याच वजनाच्या तांदळातून १६. गेल्या पिढीत ज्वारीचा पेरा घटला, सोयाबीन वाढलं, आणि रेशनच्या तांदळाने ताटातली एक वेळची भाकरी उचलली. फोलेटच्या हिशेबात तो सौदा तोट्याचा आहे. शेतात पिकणारं सोयाबीन स्वतः फोलेटने भरलेलं, पण ते थेट आडत्याकडे जातं आणि घरात येतं ते तेल होऊन. तेलात फोलेट उतरत नाही.

रेशनच्या तांदळाबद्दल इथेच सांगून टाकू. फोर्टिफाइड, म्हणजे पोषकद्रव्यं मिसळलेला तांदूळ आला असेल तर त्यात दर शंभर दाण्यांमागे एक दाणा वेगळा दिसतो, जरा पिवळसर किंवा जास्त पांढरा, कधी पाण्यावर तरंगणारा. गावोगाव त्याला ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणतात आणि बाया सुपात घेऊन तो वेचून टाकतात. तो दाणा तांदळाच्या पिठाचाच असतो. त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळलेलं असतं. २०२४ च्या मार्चपर्यंत देशभरच्या रेशनवर हा फोर्टिफाइड तांदूळ पोचवण्यात आला. मात्र किलोमागे फॉलिक ॲसिड ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम, म्हणजे पावशेर तांदूळ खाल्ला तर २० ते ३० मायक्रोग्रॅम. वेचून टाकू नका, पण त्यावर विसंबूनही राहू नका. भात मोजक्या पाण्यात शिजवा. मांड काढायची सवय असेल तर तो आमटीत घाला.

घरात येतं, पण पाण्याबरोबर जातं

फोलेट पाण्यात विरघळतं, उष्णतेने मोडतं, उजेडाने आणि हवेनेही कमी होतं. पालक भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून दिलं तर जवळपास निम्मं फोलेट मोरीत जातं. तोच पालक वाफवला तर फारसं काही जात नाही. बहुतेक फोलेट जळून जात नाही, पाण्यात उतरतं. ते पाणी पोटात गेलं तर काम झालं.

मटकीचं नीट सांगते, कारण ती दर आठवड्याला दोन-तीनदा व्हावी असं मला वाटतं. माणशी ४० ग्रॅम घ्या, म्हणजे मोठी मूठभर. आधी निवडून दोन पाण्यांनी धुवा आणि मग भिजत घाला. भिजल्यावर चार-चार पाण्यांनी खळखळून धुणं टाळा. भिजवताना पाणी मटकीच्या वर दोन बोटं असू द्या, उगाच पातेलंभर नको. उन्हाळ्यात सहा-सात तास पुरतात, थंडीत रात्रभर. मग निथळून ओल्या सुती फडक्यात सैल बांधा. एप्रिलमध्ये दहा-बारा तासांत मोड येतो, पौषात पूर्ण दिवस लागतो, तेव्हा पुरचुंडी चुलीजवळ ठेवावी. मोड येताना दाणा स्वतःच नवं फोलेट तयार करतो, त्यामुळे मोडाच्या मटकीत ते कोरड्या दाण्यापेक्षा वाढलेलं असतं. अर्ध्या बोटाचा मोड पुरे. उन्हाळ्यात वास यायला लागला किंवा दाणे बुळबुळीत झाले तर ती फेकायचीच. मीठ-हळद लावून वाचवायला जाऊ नये. फडकं घट्ट बांधलं किंवा पाणी पुरतं निथळलं नाही की हे होतं.

शिजवताना फोडणीत परतून, दाण्यांच्या जेमतेम वर येईल इतकंच पाणी घालून झाकण ठेवा. १०-१२ मिनिटांत मटकी बोटाने दबते. उसळीचा कट वेगळा काढून येसर आमटीसारखा पातळ करायची पद्धत आहे, ती उत्तम. फक्त तो कट ताटातच आला पाहिजे. वरून लिंबू पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वाने भाजीतलं लोह अंगी लागतं. कच्चे मोड गरोदर बाईने आणि लहान लेकरांनी खाऊ नयेत. दमट उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात. त्यांच्यासाठी वाफ काढून घ्यावी.

हरभरा, चवळी कुकरमध्ये शिजवायला हरकत नाही. झाकण बंद, वेळ कमी, पाणी आतच. डाळीचं वरचं पाणी ‘गॅस होतो’ म्हणून काढून टाकणारे असतात, त्यांनी त्याचं सार करावं.

पालेभाजी आधी अख्खी धुवायची, मग चिरायची. चिरून पाण्यात टाकली की कापलेल्या कडांतून फोलेट सुटतं. सकाळच्या बाजारातली जुडी संध्याकाळपर्यंत उन्हात टेबलावर पडलेली असेल तर तिची किंमतही तेवढीच कमी समजा. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी करा.

अंबाडीचं काय करायचं हा प्रश्न येतोच. अंबाडी उकडून, आंबट पाणी घट्ट पिळून टाकून, मग तिच्यात कण्या आणि तूरडाळ शिजवून वर लसणाची चरचरीत फोडणी देतात. चवीला तिच्या तोडीची भाजी नाही. पण पिळलेल्या पाण्यात तिचं फोलेट गेलेलं असतं, तेव्हा ती खा आणि हिशेबात त्यातली डाळ तेवढी धरा. मुतखड्यासाठी पालक उकडून पाणी टाकायला सांगितलेलं असेल तर तो सल्ला पाळा, फोलेट मटकी-मुगातून भरून काढा. हिवाळ्यात खुडलेला हरभऱ्याचा पाला उन्हात वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवतात. त्यात लोह राहतं, चव राहते, फोलेट फारसं उरत नाही, कारण ऊन आणि हवा दोन्ही त्याच्या मुळावर येतात. सावलीत वाळवला तर नुकसान जरा कमी.

आपल्याकडे फोलेटने भरलेलं ताट बघायचं असेल तर लातूर-धाराशिवकडची वेळ अमावस्या बघा. भज्जीत ओली तूर, सोलाणे, वाटाणे, वालाचे दाणे, मेथी, कांद्याची पात, वर बेसन आणि चिंचेचा कोळ. सगळं एकाच पातेल्यात शिजतं, एक थेंब पाणी बाहेर जात नाही. सोबत बाजरीचे उंडे आणि ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील. हे वर्षातून एकदाच शिवारात का खायचं, कळत नाही. ओली तूर आणि सोलाणे असेपर्यंत दर आठवड्याला भज्जी करायला कुणाची हरकत नसावी.

दिवस राहायच्या आधीची गोळी

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतो ती न्यूरल ट्यूब गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली हे लक्षात येऊन तपासणी होईस्तोवर ती बहुतेक मिटलेली किंवा मिटायची राहिलेली असते. खालच्या बाजूला उघडी राहिली तर पाठीवर फुगा घेऊन मूल जन्मतं, वरच्या बाजूला राहिली तर डोक्याची कवटीच तयार होत नाही. आधीच्या बाळंतपणात असं झालेल्या बायकांवर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेली चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवस राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्याने हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

साध्या परिस्थितीत मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम, मूल हवं असं ठरल्यावर किमान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत. आपल्याकडे लग्नानंतर ‘ठरवून’ दिवस राहतात असं फारसं नसतं, म्हणून नव्या सुनेने लग्न झालं की लगेच सुरू केलेली बरी. नाव नोंदवल्यावर चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यातून मिळते ती लाल गोळी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची. ती १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. ही गोळी रक्तासाठी आहे. न्यूरल ट्यूबची वेळ तोवर कधीच गेलेली असते. शाळेतल्या मुलींना आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीतही ५०० मायक्रोग्रॅमच असतं. सात दिवसांवर वाटलं तर रोजचं ७० पडतं. घेऊ द्या, उपयोग आहे, पण दिवस राहण्याआधीच्या रोजच्या गोळीची जागा ती घेत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये. औषधाच्या दुकानात नुसती फॉलिक ॲसिड मागितली की बहुधा ५ मिलिग्रॅमची पट्टी हातात पडते. ते झाले ५,००० मायक्रोग्रॅम, लागणाऱ्या मात्रेच्या साडेबारा पट. ही जादा मात्रा आधी असं बाळ झालेल्या, फिटची औषधं चालू असलेल्या किंवा सिकलसेल असलेल्या बाईला डॉक्टर मुद्दाम देतात. बाकीच्यांनी पट्टीवरचा आकडा वाचून ४०० मायक्रोग्रॅमची मागावी. जुन्या पट्टीवर ती ०.४ मिलिग्रॅम अशीही लिहिलेली असते.

जादा घेतलं तर काय बिघडतं, हा प्रश्न माळकरी घरांत विशेष महत्त्वाचा आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व झाडपाल्यात नसतं. ते दूध, अंडी, मटणातून येतं. शाकाहारी घरात दूध चहापुरतं असेल तर बी-१२ कमी असण्याची शक्यता मोठी. त्याच्या अभावानेही रक्तातल्या पेशी अगदी अशाच बेढब होतात. अशा वेळी फॉलिक ॲसिडची मोठी मात्रा महिनोन्‌महिने चालू ठेवली तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत सुरूच राहतं: हातापायाला मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा. पुण्याजवळच्या सहा गावांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या आयांमध्ये गरोदरपणी फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. जेवणातल्या फोलेटने हा धोका येत नाही. तरी ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू करण्याआधी बी-१२ तपासून घ्या.

रिपोर्ट वाचताना हिमोग्लोबिनच्या खाली एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, हा आकडा बघा. तो १०० च्या वर असेल तर फोलेट किंवा बी-१२ कमी असल्याचा संशय घ्यावा, ८० च्या खाली असेल तर बहुधा लोह कमी. आपल्या भागातल्या बायकांत कधी कधी दोन्ही एकदमच कमी असतात. एक पेशी मोठी करतं, दुसरं लहान, आणि सरासरी ८८ वगैरे अगदी ‘नॉर्मल’ येते. तेव्हा आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारांतला फरक दाखवणारा आकडा, वाढलेला दिसतो. हिमोग्लोबिन ९, एमसीव्ही नॉर्मल आणि आरडीडब्ल्यू जास्त असा रिपोर्ट असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी काम अर्धवट राहील. सीरम फोलेटची तपासणी अलीकडचं जेवण सांगते, तांबड्या पेशींतलं फोलेट मागचे दोन-तीन महिने सांगतं.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते औषध फोलेटचं काम अडवूनच परिणाम करतं. गंमत अशी की फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवण्याचं आणि त्याच्या विरोधात काम करणाऱ्या या औषधांचं, दोन्ही कामांमागे अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत संशोधन करणारे आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं आणि फॉलिक ॲसिड सहसा त्या दिवशी टाळून. दोन्ही पिवळसर, लहान गोळ्या, त्यामुळे अदलाबदल होते आणि रोज मेथोट्रेक्सेट घेतलं तर जिवावर बेततं. डबे वेगळे ठेवा, वार लिहून ठेवा. रोजच्या दारूनेही फोलेट झपाट्याने घटतं.

लहान लेकरांना शेळीचं दूध पचायला हलकं म्हणून पाजतात. उस्मानाबादी शेळी दारात असली तर तो मोह होणारच. पण आईच्या किंवा गाईच्या दुधाच्या मानाने शेळीच्या दुधात फोलेट फारच कमी, १०० मिलिलिटरमध्ये जेमतेम १ मायक्रोग्रॅम. तान्ह्याला निव्वळ त्यावर ठेवलं तर काही महिन्यांत ते पांढरंफटक पडतं. सहा महिन्यांपर्यंत आईचंच दूध, पुढे घट्ट वरण आणि मऊ खिचडी.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बांधताना पिठाच्या गोणीबरोबर कडधान्यही मोजून घ्यावं. नवरा-बायको आणि दोन लेकरं धरली, मोठ्याला ४० आणि लहानाला २० ग्रॅम, आठवड्यातून पाच दिवस, तर महिन्याला अडीच किलो लागतं. मटकी, चवळी, हरभरा मिळून. शेंगदाण्याची चटणी वेगळी. फडावरून आल्यावर भिजत घालून पहाटे फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड तयार, जळण कमी लागतं. गरोदर बाईने गाव सोडण्याआधी सिस्टरकडून पुढच्या महिन्यांच्या लाल गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावं, कारखान्याच्या गावातल्या आशाताईला ते दाखवलं की पुढच्या गोळ्या मिळतात. गोळी जेवणानंतर तासाभराने, चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्याजवळ नको. शौच काळी होते, ते लोहामुळे. घाबरून बंद करू नये. पट्टी कोपीत आढ्याला टांगलेल्या पिशवीत ठेवावी. लाल, गोल गोळी लेकरांना गोळी-बिस्किटासारखी वाटते, आणि लोहाच्या मूठभर गोळ्या लहान लेकराच्या जिवावर बेततात. तसं झालंच तर घरगुती उपाय करत बसू नये, रिकामी पट्टी बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा.